आपल्या पोरांवर चिडताना

बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

काल ढाक्यात आपण फुटबॉलमध्ये बांगलादेशाकडून ०-१ ने हरलो. अकराव्या मिनिटाला शेख मोरसालिनने गोल केला आणि पुढचा जवळजवळ सगळा सामना शिल्लक असूनही आपल्याला बरोबरी साधता आली नाही. २००३ नंतर पहिल्यांदाच बांगलादेशाने भारताला हरवलं. आशिया चषकाचं आपलं गणित ऑक्टोबरात गोव्यातच संपलं होतं, त्यामुळे काल मिळवायचं काही नव्हतं. राखायची होती ती अब्रू.

शेवटची शिट्टी झाली आणि लगेच दादाचा फोन.

"बघितलंस? काय खेळतात गं हे! पायात जीव नाही एकाच्याही. पैसे घ्यायचे, गाड्या घ्यायच्या आणि देशाची जर्सी घातली की झोपा काढायच्या. सगळ्यांना घरी बसवलं पाहिजे."

मी ऐकून घेतलं. गोलकीपरपासून सुरुवात करून त्याने एकेकाला सोलून काढलं. शेवटी त्याचाच आवाज बसला. "जाऊ दे, जेवायचंय अजून," म्हणाला आणि फोन ठेवला.

रात्रभर ते डोक्यात फिरत राहिलं. खेळाबद्दल तो जे बोलला त्यातलं बहुतेक मला मान्य आहे. या पात्रता फेरीत आपले पाच सामने झाले. शिलाँगमध्ये बांगलादेशाशी ०-०, हाँगकाँगमध्ये ०-१, सिंगापुरात १-१, गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरकडून १-२ आणि काल हे. पाच सामन्यांत दोन गोल, दोन गुण, विजय एकही नाही. फातोर्ड्याला आपल्या छांगटेने गोल करून चौदाव्या मिनिटाला सुंदर सुरुवात करून दिली होती. तरी मध्यंतराच्या तोंडावर आपण सिंगापूरच्या साँग उई-यंगला बरोबरी करू दिली आणि ५८ व्या मिनिटाला त्यालाच दुसरा गोल करू दिला. एकाच माणसाला दोनदा मोकळीक मिळाली तर बचावफळीला जाब विचारायचा नाही तर कुणाला? हे बोललंच पाहिजे. "बिचारे प्रयत्न तर करतात" असं म्हणणं मला खेळाडूंचाच अपमान वाटतो. ती शाळेच्या स्नेहसंमेलनातली मुलं नाहीत, देशातले सर्वात चांगले फुटबॉलपटू आहेत. त्यांच्याकडून चांगल्या खेळाची अपेक्षा ठेवणं हा त्यांचा मान आहे.

पण दादाचं अर्धं बोलणं खेळाबद्दल नव्हतंच. लाज नाही, पैशाला चटावलेत, देशाबद्दल प्रेम नाही. हे त्याला टीव्हीवरून कसं कळलं? पास चुकला हे दिसतं. माणसाच्या मनात देश आहे की नाही, ते नव्वद मिनिटांत कुठल्या कॅमेऱ्याने दाखवलं?

आणि आपला गोलकीपर गुरप्रीत. १० सप्टेंबर २०१९ ला दोहामध्ये, आशिया चषक जिंकून जेमतेम काही महिने झालेल्या कतारला आपण ०-० वर रोखलं होतं. नेहमीचा कप्तान सुनील छेत्री आजारी म्हणून नव्हता, त्या दिवशी कप्तान गुरप्रीत. कतारचे फटक्यांवर फटके येत होते आणि हा गडी सगळं अडवत होता. सामना संपल्यावर दादा हॉलमध्ये एवढ्या मोठ्यांदा ओरडला की खालच्या मजल्यावरचे काका काय झालं म्हणून विचारायला वर आले. काल त्याच गुरप्रीतला दादा म्हणाला, "याला कधी काही येतच नव्हतं." एक वाईट रात्र आली की मागच्या सगळ्या चांगल्या रात्री खोट्या ठरवायच्या, हे मला पटत नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आज कामात लक्ष नव्हतं. दुपारी जुने फोटो बघत बसले. बालेवाडीचे.

पुण्याला स्वतःचा संघ होता तेव्हाचे दिवस. त्याआधी पुणे एफसी होता, आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये २०१२-१३ ला दुसरा आलेला. मग २०१४ मध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, सुरू झालं आणि एफसी पुणे सिटी आला. पहिल्याच वर्षी फ्रान्सच्या त्रेझेगेसारखा विश्वविजेता बालेवाडीत आपली जर्सी घालून उतरला, यावर आमचा विश्वास बसत नव्हता. ऑरेंज आर्मी या चाहत्यांच्या गटाची पोरं स्टँडमध्ये ढोल घेऊन बसायची. ऑफिस सुटल्यावर औंधमार्गे धावतपळत पोचायचं, चहा घ्यायलाही वेळ नसायचा.

शिव्या तिथेही होत्या. भरपूर होत्या. आमच्या मागच्या रांगेत एक काका बसायचे. आमचा बचावपटू चेंडू उगाच पायात घोळवत बसला की ते उभे राहून "अरे सोड की तो आता!" म्हणून ओरडायचे. हरलो की घरी जाताना पार्किंगपर्यंत बडबड चालायची. पण पुढच्या सामन्याला काका पुन्हा त्याच जागी. ज्याला मागच्या वेळी नावं ठेवली, त्याचंच नाव घेऊन टाळ्या. त्यांच्या रागामागे दर वेळी मैदानावर येणं होतं, तिकीट होतं, पावसात भिजणं होतं. म्हणून तो राग कडू लागायचा नाही.

२०१७-१८ चा हंगाम आमचा. मार्सेलिन्यो आणि अल्फारो आघाडीला, संघ पहिल्या चारांत आणि उपांत्य फेरीत समोर बेंगळुरू. ७ मार्च २०१८ ला बालेवाडीत ०-०. ११ तारखेला बेंगळुरूत आपण १-३ हरलो, तिन्ही गोल सुनील छेत्रीचे. त्या रात्री आमच्या घरात छेत्रीचं नाव काढायची सोय नव्हती.

आणि जूनमध्ये त्याच छेत्रीचा तो व्हिडिओ आला. मुंबईत अंधेरीला भारताने चायनीज तैपेईला ५-० हरवलं होतं, छेत्रीची हॅट्‌ट्रिक, आणि बघायला माणसं होती २,५६९. दुसऱ्या दिवशी तो कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि त्याने हात जोडले. आमच्यावर टीका करा, ओरडा, शिव्या द्या, पण मैदानावर या. ज्यांचा भारतीय फुटबॉलवरचा विश्वास उडालाय त्यांनीही या. असं तो सांगत होता. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची, त्याच्या शंभराव्या सामन्याची तिकिटं संपली. दादाने बघितलं तोवर एकही उरलं नव्हतं.

त्या बोलण्याचं मला आजही नवल वाटतं. देशाचा कप्तान म्हणत होता की शिव्या चालतील, रिकाम्या खुर्च्या चालणार नाहीत. टीकेची त्याला भीती नव्हती. समोर येऊन केलेली टीका त्याला हवी होती, कारण तिच्यात निदान कुणीतरी आपला खेळ बघायला आलंय एवढं तरी कळतं.

२०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद झाला. त्याची जागा हैदराबादने घेतली. तेव्हापासून या एवढ्या मोठ्या शहरात आपला म्हणावा असा अव्वल लीगमधला एकही खेळाडू नाही, ज्याच्यावर हक्काने चिडावं. मला वाटतं दादाचा परवाचा राग त्या रिकाम्या स्टँडमधूनही येतो. मागच्या रांगेत काका नाहीत, पुढचा शनिवार नाही. एकदाच येणाऱ्या भारताच्या सामन्यावर वर्षभराचा राग निघतो.

रात्री उशिरा. झाकाची गोष्ट लिहायची राहिली. दादा आर्सेनल या इंग्लिश क्लबचा चाहता, त्यामुळे आमच्या घरी ती पाठ आहे. २७ ऑक्टोबर २०१९, क्रिस्टल पॅलेसशी २-२. कप्तान ग्रॅनिट झाका बदली होऊन सावकाश बाहेर चालला होता आणि त्याच्याच मैदानावर, त्याच्याच लोकांनी हुर्यो उडवली. त्याने कानाला हात लावून 'अजून ओरडा' अशी खूण केली, जर्सी काढली आणि सरळ आत निघून गेला. कप्तानपद गेलं. नंतर त्याने लिहिलं की त्याच्या बायकोला मारण्याच्या धमक्या आल्या होत्या, लहान मुलीला कॅन्सर व्हावा असं लोकांनी लिहून पाठवलं होतं. दादाही त्या रात्री टीव्हीसमोर झाकावर तोंडसुख घेत होता. मुलीबद्दलचं वाचल्यावर मात्र तो बराच वेळ गप्प बसला.

झाका गेला नाही. राहिला, खेळला, आणि मे २०२३ मध्ये निरोपाच्या सामन्यात वुल्व्ह्‌जविरुद्ध दोन गोल करून गेला. तेच स्टेडियम त्याचं नाव गात होतं. लोकांना ही माफीची गोड गोष्ट वाटते. मला त्यात धोका दिसतो. झाका कणखर निघाला म्हणून शेवट असा झाला. जो त्या धमक्यांनंतर मोडला असता, त्याची गोष्ट आपण सांगितली नसती आणि आपल्याला ती कळलीही नसती.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

थोडक्यात, कारण उशीर झालाय.

दादाला आज मी एकच विचारलं. या पोरांचे लीगचे सामने सध्या कुठे चालू आहेत?

तो गप्प झाला. कारण लीग सुरूच नाही. भारतीय फुटबॉल महासंघ आणि आयएसएल चालवणारी कंपनी एफएसडीएल यांच्यातला २०१० चा करार ८ डिसेंबरला संपतोय. पुढे काय, हे ठरलं नाही म्हणून जुलैमध्येच आयएसएलचा नवा हंगाम स्थगित झाला. व्यावसायिक हक्कांसाठी निविदा काढली, ७ नोव्हेंबर ही मुदत होती, एकही बोली आली नाही. मोहन बागानसारख्या क्लबने पहिल्या संघाचा सराव थांबवला. खेळाडूंनी मिळून निवेदन काढलं की आता राग आणि वैतागही संपला, आम्हाला फक्त खेळायचंय. सुपर कपचे थोडे सामने सोडले तर एरवी सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होणारी लीग नोव्हेंबर सरत आला तरी नाही.

जुलै २०२३ मध्ये आपण जागतिक क्रमवारीत ९९ वे होतो. त्याच वर्षी बेंगळुरूत कुवेतला हरवून सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई स्पर्धा, जिंकलो होतो. तिथून इथवर जी घसरण झाली ती अकरा जणांच्या पायांनी झाली, असं मला कुणी सांगू नये. प्रशिक्षक बदलले, वेळापत्रकं कोलमडली, क्लब कोर्टाच्या तारखांकडे डोळे लावून बसले. पण या सगळ्यांपैकी कुणाचाही चेहरा टीव्हीवर घामाने भिजलेला दिसत नाही. जो दिसतो त्याच्यावर आपण ओरडतो. खेळाडू मैदानावर हजर असतो, म्हणून सगळी बिलं त्याच्या नावावर फाडली जातात. मला राग आहे, दादाइतकाच आहे. पण त्यातला मोठा वाटा मी त्या बंद दारांसाठी राखून ठेवलाय. लीग वेळेवर सुरू करा, तरुण पोरांना वर्षभर सामने द्या आणि मग पास चुकला तर आम्हाला बोलू द्या.

रविवार, २३ नोव्हेंबर

सकाळी भाच्याचा सामना होता. तेरा वर्षांखालचा, पिंपरीकडच्या एका मैदानावर. थंडी चांगलीच होती, पोरांच्या तोंडातून वाफा निघत होत्या.

रेषेपलीकडे पालक उभे. पहिल्या दहा मिनिटांतच एक गृहस्थ सुरू झाले. "अरे पाय मोडलाय का तुझा? घरी बस त्यापेक्षा! एवढी फी भरतोय!" हे स्वतःच्या मुलाला. मुलगा लेफ्ट बॅक. प्रत्येक ओरडण्यानंतर तो खेळाकडे पाहायचं सोडून वडिलांकडे पाहायचा, आणि त्याने मान वळवली की त्याच्या बाजूने चेंडू निघून जायचा. पहिला गोल तसाच झाला. मग वडील आणखी चिडले. मला समोर सगळं इतकं स्पष्ट दिसत होतं की हाताची मूठ वळली.

दादाही ओरडत होता. भाच्याने दोनदा डोकं खाली घालून आडवातिडवा पास दिला तेव्हा दादा कडाडला, "आधी बघ! चेंडू यायच्या आधी उजवीकडे बघ!" आवाज काही मऊ नव्हता. भाच्याचं तोंडही पडलं. पण पुढच्या वेळी त्याने चेंडू येण्याआधी मान वर केली, उजवीकडचा पोरगा मोकळा दिसला आणि पास बरोबर गेला. दादाने टाळी वाजवली. तेवढ्यात परत दुसरा चुकला. परत ओरडला.

पोरं १-३ हरली. त्या लेफ्ट बॅकचे वडील मुलाच्या आधीच गाडीत जाऊन बसले. आमच्याकडे भाचा बुटांचे बंद सोडत रडवेला बसला होता, आणि दादा त्याच्या शेजारी मातीत मांडी घालून, काडीने जमिनीवर दोन्ही फुलबॅकच्या जागा काढून दाखवत होता. "दुसरा गोल तुझ्यामुळे झाला," असं त्याने साफ सांगितलं. भाच्याने मान डोलावली. त्याला ते बोचलं, पण त्याने दादाच्या हातातली काडी घेतली आणि स्वतःची जागा खोडून नव्याने काढली.

परत येताना मिसळ खायला थांबलो तेव्हा मी दादाला म्हटलं, हेच मला त्या रात्री फोनवर हवं होतं.

तो म्हणाला, "याला मी ओळखतो गं. याने काय केलं आणि त्याला काय जमतं, मला माहीत आहे. त्यांना कुठे ओळखतो मी?"

"मग ओळखत नाहीस तर मनातलं कसं सांगतोस त्यांच्या?"

तो पावाचा तुकडा मोडत बसला. मग म्हणाला, "बरं. पण बचाव भंगार होता, ते तर म्हणू देशील?"

ते तर मीही म्हणते.

हाँगकाँगविरुद्धचा शेवटचा सामना ३१ मार्चला आहे, आपल्या देशात. पात्रतेच्या दृष्टीने त्याला काही अर्थ नाही, म्हणूनच स्टेडियम रिकामं राहील याची मला भीती वाटते. जिथे असेल तिथे जायचं, असं मी दादाला म्हटलं. रेल्वेने रात्रभर बसावं लागलं तरी. तो आधी पैशांचं बोलला, मग सुट्टीचं, मग म्हणाला, "चल. पण तिथे मला गप्प बस म्हणायचं नाही."

तिकिटं निघाली की दोन काढायची आहेत. भाचा म्हणतो, तीन.