नळ नाही? ड्रम आणा. बोटीचं इंजिन पॅक करायची आपली नागपुरी पद्धत

बोटीचं इंजिन सीझननंतर कसं ठेवायचं म्हणून शोधलं की सगळे व्हिडिओ कॅनडा-अमेरिकेतले निघतात. त्यांची भानगड वेगळी आहे, पाणी गोठलं की साधारण 9 टक्के फुगते आणि इंजिनात अडकलेलं असलं तर ब्लॉक फोडते, म्हणून ते लोक बादलीतून गुलाबी अँटिफ्रीझ (पाणी गोठू न देणारं औषध) इंजिनला पाजून राहिले असतात. आपल्याकडे 2018 च्या डिसेंबरात पारा 3.5 वर गेला होता तेव्हाही तलाव काही गोठला नाही बावा. त्यामुळे अँटिफ्रीझचा खर्च सोडून द्या. नागपुरात इंजिन मरते ते जुन्या पेट्रोलनं आणि पावसाळ्याच्या दमटपणानं.

आमची फायबरची छोटी बोट रामटेककडं असते, 15 एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागं बाहेरून टांगायचं इंजिन) मात्र जूनमध्ये घरी मानेवाड्याला येते आणि पार्किंगमध्ये नळ नाही. ठेवायच्या आधी इंजिन चालवून आतून धुवायचं असते आणि चालताना ते थंड राहायला बाहेरून पाणी ओढते, म्हणून व्हिडिओतले लोक इंजिनच्या पाणी ओढायच्या जाळीवर कानटोपीसारखे रबरी कप लावून पाइप जोडतात, ते इथं जमणारच नाही. मग भंगारवाल्याकडून निळा प्लास्टिकचा ड्रम आणून वरून कापला, लाकडी घोडीवर इंजिन उभं टांगलं आणि खालचा पाय ड्रममध्ये सोडला. पाणी प्रोपेलरच्या वरच्या आडव्या प्लेटच्याही वर पाहिजे, ही गोष्ट हलक्यात घेऊ नका, कारण पाणी ओढणारा पंप रबराच्या इंपेलरवर (आतल्या पात्यांच्या चाकावर) चालते आणि तो कोरडा फिरला की बघता बघता जळून जाते. बोअरचं पाणी क्षाराचं राहते म्हणून मी वरून प्यायच्या पाण्याच्याच बादल्या आणतो (शेजारच्या काकू विचारतात, "काऊन रे, मासे पाळून राहिला काय?").

प्रोपेलर आधीच काढून घ्या, एक तर पाणी उडत नाही, दुसरं म्हणजे त्याच्या मागं शाफ्टला नायलॉनची तंगूस (मासे पकडायचा दोरा) गुंडाळलेली सापडतेच, आणि तीच तंगूस सील कापते. मग न्यूट्रलमध्ये सुरू करायचं, मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार आली पाहिजे, नाही आली तर लगेच बंद. इंजिन चांगलं गरम होईस्तोवर चालवा म्हणजे थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) उघडून आतला गाळ निघते. आपलं पाणी गोडं आहे म्हणून एखाद वेळी हे धुणं राहिलं तरी चालून जाईल, मालवणवाल्याला मात्र समुद्रातून आल्यावर दर वेळी करावंच लागते. आणि हे सगळं उघड्यावर, बंद पार्किंगमध्ये धूर कोंडला तर जिवावर बेतेल.

आता मेन गोष्ट, पेट्रोल. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलवालं मिळते, इथेनॉल हवेतला ओलावा ओढते आणि जास्त पाणी झालं की पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसते. आपल्या जुलै-ऑगस्टमध्ये ओलाव्याला काय कमी! पेट्रोल लवकर खराब होऊ नये म्हणून त्यात टाकायच्या स्टॅबिलायझरच्या बाटल्या मिळतात, पण माझं मत सरळ आहे, पेट्रोल ठेवूच नका. ड्रममध्ये इंजिन चालू असतानाच टाकीची नळी काढायची म्हणजे ते आतलं पिऊन टाकते, बंद पडायच्या बेतात आलं की कार्बोरेटरच्या तोंडात फॉगिंग ऑइल (आतल्या पार्टवर तेलाचा थर देणारा स्प्रे) मारायचं, कारण टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलमधूनच मिळते आणि पेट्रोल संपलं की आतले पार्ट कोरडे पडतात. नंतर कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू उघडून उरलंसुरलं काढा, थोडं राहतेच. प्लग काढून दोन्ही सिलिंडरमध्ये थोडं टू-टी ऑइल, किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप काढून म्हणजे ठिणगी पडणार नाही, दोरी हळू ओढायची, प्लग परत.

खालच्या पायातलं गिअर ऑइल पावसाळ्याआधीच बदला, नंतर पाहू म्हणू नका. खालचा स्क्रू उघडा, मग वरचा. तेल दुधाळ निघालं तर सीलमधून पाणी गेलं, आणि ते पाणी चार महिने बेअरिंगला गंज चढवत बसणार. नवीन तेल खालच्या भोकातून पंपानं भरायचं, वरून बाहेर आलं की आधी वरचा स्क्रू लावा, तेव्हाच खालचा पंप काढा, उलट केलं तर सगळं तेल पायावर. वायसर नवीन टाका, दहा-वीस रुपयांसाठी कंजुषी नको.

इंजिन आडवं टाकू नका, उभंच ठेवा म्हणजे उरलेलं पाणी आपोआप निथळते. वरून प्लास्टिक गुंडाळू नका, आत घाम धरते, जुनी सुती चादर बेस. उंदरांचा बंदोबस्त तुमचा तुम्ही पाहा, वायरिंग त्यांना लई आवडते.

टाकीतलं उरलेलं ऑइल मिक्स पेट्रोल मी बाबांच्या जुन्या टू-स्ट्रोक चेतकमध्ये टाकतो, 50 ला 1 चं मिक्स तिला चालते. ज्यांच्याकडं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड आहे त्यांचं इंजिन ऑइल आणि फिल्टरचं काम यात आलं नाही, ते वेगळं लिहीन.