खालचा सेन्सर आधी भिजला, वरचा नंतर! (काळ्या रानातल्या ओलाव्याचं अपडेट)

मंडळी, मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की गावाकडच्या रानात सेन्सर पुरून मातीचा ओलावा मोजायचं काम संपलं, आता फक्त डेटा गोळा करत बसायचं. ते शब्द परत घेतो.

हस्तात बार्शीकडं आमच्या रानात दीड तासात ६१.८ मिमी पडला. मी पुण्यात, फोनवर ग्राफ बघतोय, आणि ३० सेंमी खोल पुरलेला सेन्सर वीस मिनिटांत ओलाचिंब, १० सेंमी खोलीचा मात्र ढिम्म. पाणी वरनं खाली जातं एवढं तरी आपल्याला शाळेत शिकवलंय.

पहिला संशय अर्थातच माझ्यावर, वायरी उलट्या जोडल्या असणार. शनिवारी जाऊन सगळं उकरलं, वायरी बरोबर. ईएसपी३२ चा (सेन्सर जोडलेल्या छोट्या बोर्डाचा) एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, बेभरवशाचा म्हणून एडीएस१११५ ही वेगळी एडीसी चिप आधीच लावलीय, तीही निर्दोष निघाली. मग सेन्सरच. हे कपॅसिटिव्हवाले पाचाचं पाकीट ऑनलाइन स्वस्तात मिळालं होतं, आता कळलं स्वस्त का ते. चिपवरचं बारीक अक्षर मोबाईलनं झूम करून वाचलं तर तिघांवर कमी व्होल्टवर चालणारी टीएलसी५५५ टायमर चिप आणि दोघांवर साधी एनई५५५, जिला किमान साडेचार व्होल्ट लागतात आणि बोर्डावरचा रेग्युलेटर देतोय ३.३. ते दोन सरळ भंगारात. उरलेल्या तिघांच्या पीसीबीच्या (सर्किटच्या पट्टीच्या) कडा उघड्याच, पाणी पिऊन फुगलेल्या. वहिनीच्या नेलपॉलिशचे दोन हात मारले, वर एपॉक्सी, सर्किटवर हीटश्रिंक (तापवलं की आवळणारी नळी), आणि दोन दिवस बादलीत बुडवून ठेवले. आकडा जागचा हलला नाही. हा आनंद ज्यानं ही भानगड केलीय त्यालाच कळेल.

परत पुरले, दोन घागरी पाणी ओतलं. तेच! खालचा आधी, वरचा नंतर.

मी डोक्याला हात लावून बसलो तेवढ्यात तात्या (चुलते) आले. म्हणाले, "मशिन काय म्हणतंय ते ऱ्हाऊ दे, पायाखाली बघ." सेन्सरभोवती भेगाच भेगा. सायकलचा स्पोक घातला तर मुठीपर्यंत आत गेला. काळी माती वाळली की आकसते हे मला पुस्तकातनं पाठ आहे, माँटमोरिलोनाइट (पाण्यानं फुगणारं, वाळलं की आकसणारं खनिज) वगैरे सगळं, पण पाणी भेगेतनं थेट खाली उतरतं आणि वरची माती कोरडीच राहते हे डोळ्यासमोर असून दिसलं नाही.

आता खरी गंमत. दहा पावलांवर बाकीच्या रानात भेगा जवळपास नाहीतच. ते रान शाळूसाठी (रब्बी ज्वारीसाठी) राखलंय, ऑगस्टच्या उघडिपीत तात्यांनी कुळवाच्या (वरची माती भुसभुशीत करणाऱ्या औताच्या) पाळ्या घातल्या, भेगा बुजल्या. माझ्या सेन्सरला मात्र कुळव वळसा घालून गेला, कारण मीच बजावून ठेवलं होतं की तात्या, तेवढी वायर सांभाळा! म्हणजे अख्खा सीझन मी रानाचा नाही, स्वतः जपलेल्या दोन मीटर पडीक तुकड्याचा ओलावा मोजत होतो. तीन आठवडे सेन्सरला शिव्या घातल्या, त्यातल्या निम्म्या मला लागू.

कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरच्या आकड्याचा खऱ्या ओलीशी मेळ, मात्र यावेळी जमलंय. तात्यांना विचारलं वापसा (मशागतीला योग्य ओल) कधी म्हणायचा, तर त्यांनी मूठभर माती दाबून लाडू केला, कंबरेच्या उंचीवरनं सोडला, तो फुटला आणि हाताला चिकटलं काही नाही. तीच माती डब्यात बंद करून घरी आणली, ओली १९६ ग्रॅम, ओटीजीत १०५ अंशाला २४ तास ठेवल्यावर १५० ग्रॅम. म्हणजे पाणी कोरड्या मातीच्या वजनाच्या ३०.७ टक्के. आता ग्राफवर त्या आकड्याला आडवी रेघ मारलीय, नाव 'तात्या लाईन'. (ओटीजी वापरायला घरात बंदी आलीय, कोणाकडे जुना असेल तर सांगा.)

टिपिंग बकेटचं (चिमुकली बादली भरून उलटली की पाऊस मोजणारं मापक, वरचे ६१.८ त्याचेच) राहिलं. शेजारच्या साध्या नरसाळ्याच्या मापकात त्याच पावसाचे ६७ मिमी भरले. जोराच्या सरीत बकेट कमीच मोजते, जुनंच दुखणं, पण हवामान खात्याचं 'हेवी' (जोरदार पाऊस) २४ तासांत ६४.५ मिमीला सुरू होतं, त्यामुळे एका मापकात हेवी आणि दुसऱ्यात नाही. साधं मापक फेकू नका, एवढंच.

पुढचा प्लॅन विहिरीतल्या पाणीपातळीचा होता, अल्ट्रासॉनिक काढून प्रेशर सेन्सर टाकायचा, कारण विहिरीच्या भिंतीवरनं येणारे प्रतिध्वनी वैताग आणतात. पण लिहिता लिहिताच वाटतंय की विहीर थांबू दे. हवा एक अंशानं तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं, आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी कोल यांच्या २०१७ च्या पेपरात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ मध्ये तिप्पट झाल्याचं दाखवलंय. मधे लांब उघडीप, मग एकदम धो धो, असं होत गेलं तर ते पाणी मातीत मुरतं की भेगेतनं निसटतं हा प्रश्न शाळूला थेट लागतो, तो तर साठलेल्या ओलीवरच येतो. माझ्या एका सीझनवरनं हवामानबदलावर बोलणं हास्यास्पद होईल, त्यासाठी हवामान खात्याचा १९०१ पासूनचा पावसाचा ग्रिड डेटा (देशाचे चौकोन पाडून केलेल्या नोंदी) आहेच. पण कुळवलेलं रान आणि न कुळवलेलं रान शेजारी शेजारी मोजणं मला जमण्यासारखं आहे. चुकून निम्मा प्रयोग झालाच आहे की!

तर पडीक तुकडा तसाच ठेवतोय. दुसरी जागा कुळवलेल्या रानात, खड्डा घेऊन सेन्सर बाजूनं आडवे घुसवायचे, भोवती त्याच मातीचा चिखल चोपायचा म्हणजे हवेची फट राहत नाही. वायर नकोच, लोरा (लांब पल्ल्याचा बिनतारी रेडिओ) लावतो, कुळवाला अडचण नको. भेगांची खोली दर शनिवारी स्पोकनं, त्यावर फाईलनं सेंमीच्या खुणा करून घेतल्यात. सेंटिनेल-२ उपग्रहाचा एनडीव्हीआयही (पिकाच्या हिरवेपणाचा आकडा) लावून बघणार होतो, पण १० मीटरच्या पिक्सेलमध्ये बांधावरचा लिंब घुसतो आणि पावसाळ्यात ढगांमुळे धड चित्र मिळत नाही, ते शाळू गुडघ्याला आल्यावर बघू.

तात्यांनी परवा विचारलं, दुसरं मशिन लावलं की पाळी घालू का? म्हटलं घाला, यावेळी वळसा नको.