दम धरायचा नाही

आमच्या गावाकडं पोरांना विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला पांगिऱ्याचा बिंडा बांधायचे. बिंडा सुटला की पोरगं तयार झालं. मग पुढची परीक्षा: बुडी मारायची आणि तळाचा चिखल मुठीत घेऊन वर यायचं. ज्याचा दम मोठा, तो खरा गडी. मी दोन पुरुष पाण्यातनं चिखल काढून आणलेला माणूस. त्यामुळं २०२५ च्या फेब्रुवारीत लग्नाला पंचवीस वर्षं होणार म्हणून मालदीवला जाऊन स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहणं) करायचं ठरलं, तेव्हा मला काळजी होती ती बायकोची. ती पंचेचाळिसाव्या वर्षी कोल्हापूरच्या अंबाई टँकवर पोहायला शिकली, आणि अजूनही मान वर ठेवूनच पोहते.

मालवणला आम्ही दोघं एकदा पाण्याखाली जाऊन आलो होतो. पण तिथं मागनं एक पोरगा टाकी धरून असतो, आपण माशांत हात हलवून व्हिडिओपुरतं खूश दिसायचं. मालदीवच्या रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या खडकांवर, रोज दोन-दोन डाइव्ह करायच्या तर 'ओपन वॉटर'चं सर्टिफिकेट हवं. ते एकदा मिळालं की जगात कुठंही, जोडीदाराबरोबर, १८ मीटरपर्यंत जाता येतं. रिसॉर्टवरही कोर्स होतो, पण डॉलरमध्ये खोलीचं भाडं भरून चार दिवस शिकत बसणं माझ्या हिशेबी डोक्याला पटेना. शिरोलीत माझं छोटं मशीन शॉप आहे. तास वाया गेलेला कळतो. म्हणून नोव्हेंबरात आधी अंदमान.

पहिली अडचण कागदावरच आली. प्रकृतीची प्रश्नावली असते: दमा, कानाचं ऑपरेशन, हृदयविकार, फिट वगैरे. काही उत्तरं 'होय' आली की डॉक्टरची सही लागते, आणि मला बीपीची गोळी चालू. एजंट म्हणाला, "सगळीकडं 'नाही' मारा साहेब, कोण बघतंय?" मी मारणारही होतो. बायकोनं फॉर्म हातातनं काढून घेतला आणि थेट आमच्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. ईसीजी झाला, ट्रेडमिलवर पळवून झालं, मग कान-नाक-घशावाल्यांकडं चिठ्ठी. त्यांनी मला नाक दाबून हळू फुंकायला लावलं आणि पडदा हलतो का ते बघितलं. म्हणाले, "गगनबावड्यानं घाट उतरताना कानाला दडे बसतात ना, तेच तिथं दर मीटरला होणार. दडा बसायच्या आधी सोडवायचा. दुखायला लागल्यावर जोर लावाल तर पडदा जाईल." अख्ख्या कोर्समध्ये सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं वाक्य हे.

रात्रीची बस बेंगळुरूला, तिथनं विमान, मग बोट, असं करत हॅवलॉकला पोचलो. २०१८ पासून त्याचं नाव स्वराज द्वीप आहे, पण डाइव्हवाले सगळे हॅवलॉकच म्हणतात. इन्स्ट्रक्टर डोंबिवलीची निघाली, पंचविशीतली पोरगी. पहिल्या दहा मिनिटांत तिनं मला 'काका' केलं आणि अकराव्या मिनिटाला मिशीवर बोट ठेवलं. "काका, ही पाणी आत घेणार."

मास्कची रबरी कड कातडीला चिकटली तरच पाणी अडतं. मध्ये केस आले की झिरपतंच. ही मिशी मी कॉलेजपासून राखलेली. व्हॅसलीन लावून बघितलं, मास्क बदलून बघितला. दर दोन मिनिटांनी नाकाशी पाणी. शेवटी रात्री बाथरूममध्ये नाकाखालची एक पट्टी उडवली, वरचा काठ मोकळा केला. आरशात तालुक्याच्या नाटकातला हवालदार दिसला. बायको हसून हसून पलंगावर आडवी.

पोहण्याची परीक्षा म्हणजे २०० मीटर, वेळेचं बंधन नाही, आणि नंतर दहा मिनिटं तरंगत राहायचं. मी हात मारत सुटलो आणि सगळ्यांच्या आधी पोचलो. मग तरंगायच्या दहा मिनिटांत पाय मारून मारून पोटऱ्यांत गोळे आले. आमची ही मागनं निवांत आली, पाठीवर पडली आणि ढगांकडं बघत राहिली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

स्कूबाचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. कारण साधं आहे. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एक वातावरणानं (म्हणजे पृष्ठभागावर हवेचा असतो तेवढा) वाढतो. दहा मीटरवर छाती भरून घेतलेली हवा तशीच कोंडून वर आलात तर पृष्ठभागावर ती दुप्पट जागा मागते. इन्स्ट्रक्टर फुग्याचं उदाहरण देत होती, माझ्या डोळ्यांपुढं शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलचा ब्लॅडर आला. फुप्फुस काही चामड्याचं नव्हे. डोक्याला हे पटलं. पण शरीराला चाळीस वर्षांची सवय: पाण्यात डोकं गेलं की दम धर. मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून ते नाकानं फुंकून काढायचं, टाकीतली हवा देणारा तोंडातला रेग्युलेटर काढून परत लावायचा, असल्या प्रत्येक कसरतीला माझा श्वास आपोआप बंद. ती पोरगी समोर गुडघ्यावर बसून दोन बोटांनी बुडबुडे दाखवायची: सोडा, सोडत राहा. वर आल्यावर म्हणाली, "काका, कोल्हापूरचे आहात ते कळलं. पण पाण्याशी कुस्ती कशाला?"

खरी नाचक्की पुढं होती. बारा लिटरची टाकी २०० बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) भरलेली, म्हणजे २,४०० लिटर हवा. (आमच्या शॉपमधला कॉम्प्रेसर आठ बारला बंद पडतो, पाठीवर २०० बार घेऊन फिरायचं म्हटल्यावर पहिल्यांदा मी व्हॉल्व्हच तपासत बसलो.) खाली गेल्यावर तीच हवा लवकर संपते, कारण दाबाच्या पटीत ती ओढली जाते, १८ मीटरवर प्रत्येक श्वासाला पावणेतीन पट. ५० बार राहिले की वर निघायचं. एकाची हवा संपत आली की सगळ्यांनीच फिरायचं. तिसऱ्या डाइव्हला ३३ व्या मिनिटाला माझा काटा ५० वर. बायकोचा ११० वर. समोर प्रवाळाच्या फटीतनं एक ऑक्टोपस नुकता बाहेर येत होता आणि आमचं सगळं टोळकं माझ्यामुळं माघारी वळलं. बोटीवर कुणी काही बोललं नाही. तेच जास्त लागलं.

मी हातानं पोहत होतो, विहिरीतल्यासारखा. स्कूबात हात पोटाशी घडी घालून ठेवायचे. हळू, लांब श्वास घेतला की शरीर वीतभर वर जातं, सोडला की खाली येतं. तेवढ्यावर उंची सांभाळायची. कमरेला बांधायचं शिशाचं वजनही इन्स्ट्रक्टरनं आठ किलोवरनं सहावर आणलं, कारण जादा वजनाचा माणूस बुडू नये म्हणून पाय मारत राहतो. चौथ्या डाइव्हला पाऊण मिनिट मी जागच्या जागी लटकून राहिलो. सर्टिफिकेट मिळालं.

मालदीवचं म्हणाल तर बाराशेच्या आसपास बेटं, बहुतेक रिसॉर्टला स्वतंत्र बेट. भारतीयांना व्हिसा पोचल्यावर फुकट मिळतो. निघण्याआधीच्या ९६ तासांत ऑनलाइन फॉर्म तेवढा भरायचा. दारू नेता येत नाही, पूजेच्या मूर्तीही नाहीत. बायकोच्या पर्समधली अंबाबाई त्यामुळं देव्हाऱ्यातच राहिली. बिलाची गंमत आधीच समजून घ्या. छापील दरावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, त्यावर तेव्हा १६ टक्के कर (जुलै २०२५ पासून १७), शिवाय रिसॉर्टवर माणशी रोज १२ डॉलर ग्रीन टॅक्स, जो त्याच जानेवारीत सहाचा बारा झाला होता. आमच्या एजंटनं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. रिसॉर्टच्या बेटावर नेणारं सीप्लेन फक्त उजेडात उडतं, हेही नाही. आमचं विमान संध्याकाळी उतरलं, म्हणून पहिली रात्र मालेजवळच्या हॉटेलात, आमच्या खर्चानं.

पाण्यावरची व्हिला तीन रात्री घेतली, बाकी चार किनाऱ्यावरची. जिना उतरला की समुद्र. छान आहे, खोटं कशाला बोलू. पण रंकाळ्यावर रोज चक्कर मारणाऱ्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळतं की बेट वीस मिनिटांत संपलं. स्थानिक लोकांच्या बेटांवर गेस्ट हाउस बरीच स्वस्त असतात, आणि समुद्र सगळ्यांना सारखाच. पुन्हा गेलो तर तिकडंच.

पहिली डाइव्ह उथळ पाण्यात, तपासणीची. त्यानंतर थिला, म्हणजे पृष्ठभागाच्या खालीच थांबलेला प्रवाळाचा डोंगर. लाल रंग खाली सगळ्यात आधी मरतो. बायकोच्या मनगटातला लाल गंडा १५ मीटरवर काळपट राखाडी झाला होता, टॉर्च मारला की परत लाल. एक कासव आमच्याकडं ढुंकूनही न बघता स्पंज कुरतडत होतं. मधूनच प्रवाळाचे मोठमोठे पट्टे मात्र मेलेले, मोडक्या कौलांच्या ढिगासारखे. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या पेशींतलं शेवाळ बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि उपाशी मरतो. इथं १९९८ ला झालं, २०१६ ला पुन्हा झालं. त्या ढिगावर कुठं कुठं बशीएवढी नवी फांदी फुटलेली होती. गाइडनं एकीकडं बोट दाखवलं आणि लगेच हात मागं घेतला. लाथ लागू नये म्हणून आम्हालाही दूर व्हायची खूण केली. तेव्हा कळलं की जागच्या जागी तरंगायला का शिकवतात.

परतीचं सीप्लेन रविवारी दुपारी, त्यामुळं शेवटची डाइव्ह शनिवारी सकाळी. पाण्यातनं निघाल्यावर किमान १८ तास उडायचं नाही; आमच्या डाइव्ह सेंटरनं चोवीसच सांगितले. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून वर आलो. ४७ मिनिटं. माझा काटा ६०, तिचा ९५.

लॉगबुकवर, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीत, जोडीदाराची सही लागते. माझ्या पानावर तिनं तारीख, खोली, वेळ नीट भरली, सही केली, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'मास्क दोनदा गळला. मिशी वाढली आहे.'