ब्लाउजपीस दारात नेऊन का बघायचा?

लक्ष्मी रोडवरच्या मॅचिंग सेंटरमध्ये ताका उलगडला की "जरा दारात नेऊन बघा" हे ठरलेलं. सल्ला खरा आहे, पण अर्धाच. साडी आणि ब्लाउजपीस वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेले असतात. ट्यूबलाइटखाली जुळलेली जोडी उजेड बदलला की फुटू शकते. याला मेटामेरिझम म्हणतात. म्हणून दारात सावलीत बघा (थेट उन्हात नको) आणि लग्न हॉलमध्ये असेल तर पिवळ्या बल्बखालीही बघा.

दुसरी भानगड डोळ्यांची. लाल-हिरव्यातला भेद टिपणारी जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात, म्हणून त्यातला दोष पुरुषांत जास्त. पण निर्दोष डोळेही सारखे नसतात. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि निळा-जांभळा प्रकाश कमी आत शिरतो. सासूबाईंना जुळलेला जांभळा सुनेला जुळत नाही, तेव्हा दोघीही बरोबर असू शकतात.

या वादावर तोडगा म्हणून 1931 साली सीआयई या प्रकाश आणि रंगाचे मापदंड ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने एक 'प्रमाण डोळा' ठरवला. तो अवघ्या 17 जणांच्या चाचण्यांतून निघाला, तोही 2 अंशांच्या, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या ठिपक्यावर. कापडासाठी 1964 चा 10 अंशांचा घ्यावा.

रंग मोजणारं यंत्र, म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर, 400 ते 700 नॅनोमीटरमध्ये दर 10 नॅनोमीटरला परावर्तन मोजतो. चुका मात्र यंत्राआधी हाताच्या होतात. यंत्र जुळवून घ्यायची पांढरी टाइल पुसलेली नसते. कापड एकेरी ठेवलं जातं आणि खालचं टेबल मोजलं जातं. चार पदर होतील अशी घडी घाला. दर वेळी 90 अंश फिरवून चार रीडिंगची सरासरी घ्या. नुकती इस्त्री केलेला नमुना गार होऊ द्या, गरम असताना लाल-केशरी रंग सरकतात. टिनोपॉल (अतिनील किरणांनी उजळणारी पावडर) घातलेल्या पांढऱ्याला तर दिव्यातली अतिनील किरणंही मोजावी लागतात.

दोन रंगांतला फरक सांगणारा आकडा म्हणजे डेल्टा-ई. "डेल्टा-ई 1 च्या आत" एवढंच लिहिलेला रिपोर्ट परत पाठवा. कुठला दिवा (डी65, म्हणजे प्रमाण दिवसाउजेड?), किती अंश, कुठलं सूत्र (1976 की 2000?) हे नसेल तर तो आकडा कशाशीच ताडता येत नाही.

धूपछाव रेशमावर यंत्र सरळ फसतं. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. यंत्र सरासरी देतं, जी डोळ्याला कुठल्याच कोनातून दिसत नाही. तिथे दोन्ही धागे पुठ्ठ्यावर दाट गुंडाळून वेगवेगळे मोजावेत.