ट्रे लावायला ती नाही म्हणाली

नाशिकच्या एका सरकारी रुग्णालयात मी थिएटर सांभाळते. मागच्या महिन्यातली एक केस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. नावगाव देणार नाही, कायद्यानेच देता येत नाही. गर्भपाताच्या पेशंटचं नाव फक्त ॲडमिशन रजिस्टरला असतं आणि ते कुलपात, थिएटर रजिस्टरला, केसपेपरला नुसता अनुक्रमांक.

बाई पेठकडची, नऊ आठवडे, तीन लेकरं, धाकटं अजून अंगावर पितं. जावेला घेऊन पहाटेच्या एसटीने आलेली. नवऱ्याची सही लागत नाही, अठरा पूर्ण असलेल्या बाईची स्वतःची पुरते हे सांगितलं तेव्हा दोघींचा जीव भांड्यात पडला. हे दर वेळी सांगावं लागतं, कारण खिडकीवरचे लोक अजून नवऱ्याला घेऊन या म्हणत बायकांना परत पाठवतात, फार राग येतो मला त्याचा.

डॉक्टरांनी तपासून मिसोच्या, म्हणजे गर्भाशयाचं तोंड मऊ करणाऱ्या गोळ्या दिल्या, तीन तासांनी बाईला थिएटरला घ्यायचं ठरलं. एमव्हीएचा, म्हणजे हाताने ओढायच्या सिरिंजने गर्भाशय रिकामं करायचा ट्रे म्हणजे माझा जीव की प्राण. 60 मिलीची सिरिंज, व्हॉल्व्ह बंद करून दांडा मागे ओढून ठेवायचा, थोड्या वेळाने बटण सोडलं की हवा आत शिरल्याचा फस्स आवाज आलाच पाहिजे, नाही आला तर व्हॅक्यूम गळतोय, ती सिरिंज बाजूला. कॅन्युला, म्हणजे आत घालायची नळी, आठवड्यांच्या हिशोबाने, शिवाय वरखालचे नंबर हाताशी. आणि निघालेलं सगळं पाण्यात तरंगवून उजेडात बघायचं, पूर्ण आलंय का. काही राहिलं तर ती बाई घाट उतरून घरी गेल्यावर रक्तस्राव सुरू होतो, मग तिला कोण आणणार रात्रीची?

त्या दिवशी ट्रे एका ज्युनियर सिस्टरला लावायचा होता. पोरगी कामाला सोनं आहे, कुणाची शीर सापडत नसली की वॉर्डवाले तिलाच बोलावतात. पेशंट टेबलावर घेतल्यावर ती म्हणाली, मॅडम, मी हे नाही करणार, मला हे पाप वाटतं. टेबलावरच्या बाईने ऐकलं आणि पाय जवळ घेतले.

ट्रे मी लावला, केस नीट झाली. पण निघताना बाईने हळूच विचारलं, सिस्टर, म्या पाप केलं का वो? मी म्हटलं नाही गं बाई, अजिबात नाही, पण ते तिला पटल्यासारखं दिसलं नाही.

डॉक्टर म्हणाले मेमो काढा. त्यांना प्रत्येक गोष्टीवर मेमोच सुचतो. मी काढला नाही. ब्रिटनमध्ये गर्भपाताच्या 1967 च्या कायद्यातच सूट आहे, मनाला पटत नसेल तर भाग घेऊ नका, फक्त बाईच्या जिवावर बेतलं असेल किंवा तब्येतीचं कायमचं गंभीर नुकसान होणार असेल तर नाही म्हणता येत नाही. 2014 ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने स्कॉटलंडच्या दोन मिडवाइफना सांगितलं की सूट प्रत्यक्ष हाताने करायच्या कामाला, ड्युटी लावणं, देखरेख करणं याला नाही. आपल्या गर्भपाताच्या 1971 च्या कायद्यात असं कलमच नाही. घटनेच्या 25 व्या कलमात सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे, पण सरकारी पगारावर ड्युटीवर असताना ते कुठपर्यंत चालतं हे आमच्यासारख्यांना कुणी सांगत नाही.

मला तिचं नाही म्हणणं मान्य आहे. पण ते ड्युटी लिस्ट लागायच्या आधी, लेखी, माझ्याकडे. टेबलावरच्या पेशंटच्या डोक्यावर उभं राहून नाही, तिथे तुमच्या मनाचं ओझं त्या बाईच्या अंगावर जातं. हे तिला बोलले, ती रडली, आणि अर्ज लिहून दिला. मी विचारलं, अर्धवट गर्भपात होऊन रक्त जाणारी बाई रात्री आली तर? म्हणाली, मॅडम ती केस मी करणारच, त्यात विचारायचं काय.

तिच्या केसेस मी दुसरीला लावते. आता ती दुसरीपण विचारतेय की मलाच का सारखं, आणि थिएटरला आम्ही चौघीच आहोत.