नववा आठवडा: कासव खोडलं

या आठवड्यात एकच व्यंगचित्र पुरं झालं, पण आधीच्या आठ आठवड्यांपेक्षा जास्त हाती लागलं.

बातमी होती चौकशी समितीला तिसऱ्यांदा मुदतवाढ मिळाल्याची. पहिल्या खर्ड्यात मी कासव काढलं आणि पाठीवर ‘चौकशी समिती’ लिहिलं. बघणारे हसले, ‘अगदी बरोबर’ म्हणाले, विषय संपला. समिती रेंगाळतेय हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

मग ब्रिटनमधले व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांचं २० सप्टेंबर १९३९चं चित्र समोर घेऊन बसले. तीनच दिवसांपूर्वी सोव्हिएत फौजाही पोलंडमध्ये शिरल्या होत्या. चित्रात हिटलर आणि स्टालिन टोप्या उंचावून, अदबीने लवून एकमेकांना शिव्या देताहेत. मधे जमिनीवर प्रेत. नजर आधी टोप्यांवर जाते, मग वाकलेल्या पाठींवरून खाली घसरते. हा सलोखा कुणाच्या जिवावर झाला, ते तिथे कळतं. माझ्या चित्रात मात्र ज्याच्यावर अन्याय झाला, तो माणूसच नव्हता.

दुसरा खर्डा: बंद दार, बाकावर मांडीत फाइल घेऊन बसलेली बाई, शेजारच्या कुंडीतलं रोप वाढून छताला टेकलेलं. ओळ नाही, पाटी नाही. या वेळी पहिलाच प्रश्न आला, “ही कोण? हिचं काय झालं होतं?” पुढचा अर्धा तास बोलणं मूळ घटनेवरच झालं, समितीच्या वेगावर नाही. मला हेच हवं होतं.

रोपाच्या पानांत मी निबने इतकं दाट रेघाटलं होतं की नजर तिथेच अडकायची. आता झाडाला फक्त बाह्यरेषा ठेवली आणि भरीव काळा रंग दारापुरता राखला.

अर्कचित्राचा सराव रोज चालू आहे. फ्रेंच व्यंगचित्रकार शार्ल फिलिपोन यांनी राजाच्या अपमानाबद्दलच्या १८३१च्या खटल्यात राजा लुई फिलिपचा चेहरा चार टप्प्यांत नाशपती होताना काढून दाखवला होता. शिक्षा टळली नाही, पण पॅरिसच्या भिंतींवर नाशपत्या उमटल्या. मीही तसेच चार टप्पे करते. तिसऱ्या टप्प्यात ओळख हरवते, कारण नाक वाढवताना डोळ्यांमधलं अंतरही बदलून बसते. या आठवड्यात डोळे आधी पक्के करून मगच नाकाला हात लावणार आहे.