पऱ्या, मोरी आणि चार चिरे

चार वर्षांपूर्वी गणपतीला गावी जाताना, लांजा सोडल्यावर रात्री दोनच्या सुमारास माझ्या गाडीखाली एक कांडेचोर आला. कांडेचोर म्हणजे पुस्तकातलं उदमांजर; आमच्या घराच्या माळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या भाडं न देता राहणारं. आवाज एवढासाच झाला, पायाखाली सुकी करवंटी फुटावी तसा. मी थांबले नाही. मागे ट्रक होता, शेजारी नवरा झोपला होता, आणि खरं सांगायचं तर उतरून काय दिसेल याची धास्ती वाटली. सकाळी अंगणात गाडी धुताना बंपरच्या जाळीत करड्या केसांचा पुंजका मिळाला. कुणाला न दाखवता तो माडाच्या अळ्यात टाकून दिला.

तेव्हापासून रात्री गाडी चालवायचं टाळते. यंदा जूनमध्ये गावी जायचं निघालं तेव्हा ठरवलं, की दिवसाउजेडी जायचं आणि सावकाश जायचं. डोंबिवलीहून राजापूर एका दिवसात होतं, मी दोन दिवस घेतले. नवऱ्याला सुट्टी नव्हती, ते एका अर्थी बरंच झालं. दर अर्ध्या तासाने गाडी बाजूला घेणाऱ्या बाईशेजारी बसणं त्याच्या स्वभावात नाही.

पनवेल मागे पडलं की कर्नाळा. पक्षी अभयारण्य जेमतेम बारा चौरस किलोमीटरचं, आणि त्यातूनच मुंबई-गोवा महामार्ग जातो. खिंडीत माकडं रस्त्याच्या कठड्यावर ओळीने बसली होती, पंगतीला बसल्यासारखी. पुढच्या गाडीची काच खाली झाली, एक हात बाहेर आला आणि बिस्किटांचा पुडा रस्त्यावर पडला. कठड्यावरची सगळी पंगत खाली उतरली. पोटाला पिल्लू धरलेली एक मादी उरलेला चुरा वेचत राहिली आणि समोरून एसटी आली. ड्रायव्हर सवयीचा असावा, त्याने आधीच वेग कमी केला होता. बिस्किटवाली गाडी एव्हाना वळणाआड गेली होती. आपण पुण्य केलं असंच त्यांना वाटत असणार.

पेण ते महाड या टप्प्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. चौपदरीकरणाचं काम २०११ पासून चाललंय, माझा भाचा तेव्हा बालवाडीत होता, आता कॉलेजात आहे. एक मात्र जाणवलं. जिथे खड्डे आणि वळणरस्ते आहेत तिथे मुंगूस निवांत रस्ता ओलांडत होतं. जिथे काँक्रीट गुळगुळीत झालंय तिथे दर काही किलोमीटरवर काहीतरी चिकटलेलं दिसत होतं. खड्ड्यांची बाजू घेतेय असं कुणी समजू नये, माझ्या कमरेला विचारा.

पोलादपूर सोडल्यावर कशेडीचा बोगदा. जुना घाट लहानपणी उलट्या करत पार केलेला, त्यामुळे बोगद्याचं कौतुक आहेच. पण या खेपेला आत शिरताना लक्षात आलं, की डोंगर वर जसाच्या तसा आहे. माझ्या डोक्यावरून भेकर चालत गेलं तरी त्याला कळणार नाही खाली गाड्या आहेत, आणि मलाही. भेकरासाठी म्हणून काही तो बोगदा खोदलेला नाही, पण मुंबईपासून इथपर्यंत जनावरांच्या दृष्टीने एवढी चांगली सोय मला दुसरी दिसली नाही.

त्याच्या उलट परशुराम घाट. तिथे रस्ता रुंद करायला डोंगर उभा कापलाय. दरडीच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात, त्या माणसांच्या बाजूने. डोंगरावरून उतरणाऱ्या साळिंदराला मात्र पायाखाली एकदम उभा कडा लागतो. मग ते कड्याच्या कडेकडेने चालत राहतं, आणि जिथे कापलेला भाग संपतो तिथे उतरतं. रोज तिथेच. जनावरं मरतात ती अशा ठरलेल्या जागी. चिपळूणला मुक्कामाच्या घरचे काका म्हणाले, "कुठे मरतात ते पाहायला हिंडावं लागत नाही, दहा जागा पाठ आहेत." सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था याच चिपळूणची. वेळासच्या कासवांमुळे ती सगळ्यांना ठाऊक झाली, खवले मांजरांसाठीही तिचं काम आहे. खवले मांजर घाबरलं की पळत नाही, अंगाचा चेंडू करून जागीच बसतं. बिबट्यापुढे ही युक्ती चालते. डंपरपुढे काय चालणार!

दुसऱ्या दिवशी संगमेश्वरच्या अलीकडे चहाला थांबले. ढाब्यामागे उतारावर कोंबड्यांची पिसं आणि आतडी टाकलेली, त्यावर सात-आठ कुत्रे. चहा देणाऱ्या पोऱ्याला विचारलं तर म्हणाला, "रात्री वाघ पण येतो." आमच्याकडे वाघ म्हणजे बिबट्या. घाणीसाठी कुत्रे, कुत्र्यांसाठी बिबट्या, आणि बिबट्या येतो तो रस्ता ओलांडून. कचऱ्याची गाडी वेळेवर आली तर या जागी एक बिबट्या वाचेल, पण हे वन्यजीवांचं काम आहे असं कुणाच्या डोक्यात येणार नाही.

वाटूळ, ओणी मागे टाकून दुपारी घरी पोचले. दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, पडवीत इरल्यासारखा रेनकोट पसरून बसला होता. माझं वाटेवरचं पुराण ऐकून घेतलं आणि उठला. "चल, तुला मोरी दाखवतो."

आमच्या वाडीच्या मागून एक पऱ्या येतो आणि महामार्गाखालून मोरीतून पलीकडच्या मळ्यात उतरतो. मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी जायची वाट, आणि पऱ्या म्हणजे पावसाळी ओढा. उन्हाळ्यात त्यात नुसते दगड आणि पालापाचोळा. दोन्ही काठांना करवंदीच्या जाळ्या, वर आंब्याजांभळाची सावली. दादा म्हणाला, "सगळी जनावरं याच्यातनं जातात. डुक्कर, भेकर, कोल्हा. उघड्यावर कोण येतंय?" जुन्या रस्त्याखाली दगडी मोरी होती, वाकून माणूस जाईल एवढी. नव्या कामात तिच्या जागी सिमेंटचे गोल पाइप आले. पाणी वाहून नेण्यापुरते ते ठीक आहेत. पण खालच्या अंगाला पाइपाचं तोंड जमिनीपासून छातीभर उंच राहिलं. धबधबा झाला त्याचा. पलीकडून येणारं जनावर तोंडाशी येतं, वर पाहतं आणि मागे फिरतं. "आणि मिरगानंतर पाइप भरून वाहायला लागला की वरनं येणाऱ्यालापण रस्त्यावर चढण्यावाचून इलाज नाय," दादा म्हणाला. वर चार पदरी काँक्रीट आणि मधोमध दुभाजकाची सलग भिंत. बिबट्या ती उडी मारून जाईल. साळिंदर, घोरपड, कासव तिला अडून पुन्हा मागे वळतं, म्हणजे तेच दोन पदर दुसऱ्यांदा.

ठेकेदाराच्या माणसांना दादाने दोनदा सांगितलं होतं. ते म्हणाले, डिझाइनमध्ये नाही. मग मे महिन्यात दादा आणि वाडीतल्या तिघांनी घराच्या कामातले उरलेले जांभ्याचे चिरे आणून पाइपाच्या तोंडाखाली पायऱ्यांसारखे रचले. खाली रुंद, वर अरुंद. सर्वांत वर चार चिरे असे ठेवले, की पाइपात थोडं पाणी असलं तरी एक कड कोरडी राहावी. चिऱ्यांवर पऱ्यातला गाळ थापला. त्या गाळात ठसे होते. मुंगसाची बारीक नखं, एका जागी भेकराच्या खुराची दोन पाकळ्यांसारखी खूण, आणि दोन चिऱ्यांच्या फटीत साळिंदराचा एक काटा अडकलेला. काळापांढरा, वीतभर. मी तो काढायला गेले तर दादा म्हणाला, "असू दे. तोच आपला रिपोर्ट."

मला पेंचची आठवण झाली. मागे नागपूरहून शिवनीकडे जाताना राष्ट्रीय महामार्ग ४४ चा तो भाग पाहिला होता. व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात रस्ता उचलून घेतलाय आणि खालून जनावरांना वाट मोकळी ठेवलीय. अशी एकूण नऊ बांधकामं, त्यांतलं सर्वांत लांब ७५० मीटरचं. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने खाली कॅमेरे लावले तेव्हा वाघासकट अठरा जातींचे प्राणी त्यातून जाताना टिपले गेले. तिथे कोर्टकचेरी झाली, वर्षानुवर्षं वाद झाला, मग हे झालं. कोकणात वाघाचं नाव घेऊन भांडायची सोय नाही. पण इथे ७५० मीटरची गरजही नाही. दर मैल-दोन मैलांवर पऱ्या आहे आणि प्रत्येक पऱ्यावर मोरी आहेच. ती चौकोनी हवी, तळ जमिनीला टेकलेला हवा, आत एका बाजूला पाण्याच्या वर हातभर रुंद कोरडा कट्टा हवा, आणि तोंडापासून दोन्हीकडे थोडं कुंपण, म्हणजे जनावर वर न चढता आत वळेल. बांधतानाच केलं तर फारसा जादा खर्च नाही.

रात्री जेवणं झाली आणि पाऊस धरला. पहिला मोठा पाऊस. दादाची मुलं बॅटऱ्या घेऊन मुठे, म्हणजे खेकडे, धरायला निघाली, मीही मागोमाग. सड्यावरून, म्हणजे कातळी पठारावरून, जैतापूरकडे जाणारा डांबरी रस्ता दिवसभराच्या उन्हाने अजून कोमट होता, त्यावर वाफ निघत होती. आणि बेडूक. कातळावरच्या डबक्यांकडे निघालेले शेकडो बेडूक, मधेच हळदीने माखल्यासारखे पिवळेधमक नर. एक रातवा रस्त्याच्या मधोमध बसलेला, बॅटरीत डोळा निखाऱ्यासारखा लाल. एक रिक्षा गेली, मग एक पिकअप. पिकअप गेल्यावर मुलांनी बॅटऱ्या खाली केल्या आणि कुणीच काही बोललं नाही. मी मोजायला सुरुवात केली होती, पन्नासाच्या पुढे सोडून दिलं.

पुढे एक धामण मेलेली होती. धाकट्याने काठीने उचलून ती गडग्यापलीकडे टाकली. "इथं ठेवली तर सकाळी घार उतरते खायला, मग घारपण जाते," हे तो नऊ वर्षांचा पोरगा मला समजावत होता. जिवंत जखमी काही दिसलं तर १९२६ या वनविभागाच्या नंबरवर फोन करायचा, हेही त्याला पाठ.

परतताना दादाशी वाद झाला. कर्नाटकातल्या बांदीपूरच्या जंगलातला रस्ता २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो, तसं इथे करा, असं माझं म्हणणं. दादा हसला. "गणपतीत बंद करून दाखव." बरोबर आहे. मासळीच्या गाड्या, मुंबईच्या बशी, आजारी माणसं, सगळी रात्रीचीच. मग उरतो वेग. ऐंशीने जाताना गाडी सेकंदाला बावीस मीटर कापते. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच तेवढं अंतर संपतं, आणि ओल्या रस्त्यावर थांबेपर्यंत सत्तर-ऐंशी मीटर सहज. डिपरचा उजेड चाळीस-पन्नास मीटरचा. म्हणजे जनावर दिसलं तेव्हाच उशीर झालेला असतो. पन्नासने गेलं तर कसंबसं त्या उजेडात थांबता येतं. हे गणित मी त्या कांडेचोरानंतर कागदावर मांडलं होतं. तेव्हा माझा काटा नव्वदच्या पुढे होता, हे नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

डोंबिवलीला परतून आठवडा झाला तेव्हा दादाचा फोन आला. राजापुरात पूर, अर्जुना आणि कोदवली दोन्ही चढलेल्या, बाजारात पाणी. मी मोरीचं विचारलं. वरचे चार चिरे वाहून गेले होते, खालची रास शाबूत होती. "भात कापून झालं की परत लावू," तो म्हणाला, "या वेळी सिमेंटात बसवतो. तू येताना दोन गोणींचे पैसे घेऊन ये."